मी मुंग्यांना कुठेही पाठवलं नाही

मागच्या महिन्यात आमच्या जळगावातल्या पिंप्राळ्यात एका वास्तुशांतीला गेलो होतो. पंगत बसायला वेळ होता. यजमानांनी माझा दंड धरला, मला ओढत आपल्या व्याह्यांपुढे नेलं आणि म्हणाले, "हे आमचे नाना. मुंग्यांशी बोलतात."

व्याह्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बोलतात म्हणजे?"

"म्हणजे मारत नाहीत. हात जोडून सांगतात, बायांनो, आता दुसरीकडे जा. की चालल्या! जळगाव-धुळ्यात असा दुसरा माणूस नाही."

व्याह्यांनी तिथल्या तिथे आपल्या देवघरातल्या मुंग्यांचं गाऱ्हाणं मांडलं. कोणत्या वारी यायला जमेल, सोवळं लागतं का, तुमचा त्या दिवशी उपास असतो का. मागे जिलब्या गार होत होत्या. मी नुसता हसलो. कुणी असं म्हटलं की मी हसतोच. इतकी वर्षं हसतोय की आता त्याचाच वैताग येतो.

या अंकाच्या संपादकांनीही तेच केलं. त्यांच्या घरच्या मुंग्या मी एकदा 'घालवल्या' होत्या. "नाना, मुंगी न मारता घालवण्याची तुमची विद्या आमच्या वाचकांसाठी लिहा," म्हणाले. लिहितो म्हटलं. त्यांना हवा तसा हा लेख नाही. छापायचा की नाही ते त्यांनी ठरवावं.

माझा धंदा पेस्ट कंट्रोलचा. पाठीवर पंप, हातात नळी, तोंडाला रुमाल. मूळचा मी सोनगीरच्या बाजूचा. पोटासाठी जळगावला आलो आणि इथलाच झालो. झुरळं, ढेकूण, वाळवी, उंदीर, सगळं केलं. या सगळ्यांत डोकेदुखी कुणाची, तर मुंगीची. म्हणजे मुंगीची नाही, मुंगीच्या गिऱ्हाइकाची. वाळवीचं गिऱ्हाईक घाबरलेलं असतं, सांगाल ते ऐकतं. झुरळाचं गिऱ्हाईक लाजलेलं असतं, तेही ऐकतं. मुंगीचं गिऱ्हाईक मात्र स्वतःच अर्धा डॉक्टर असतं. आपण जायच्या आधी त्यानं हळद टाकून झालेली असते, खडूच्या रेघा मारून झालेल्या असतात, घासलेटाचा बोळा फिरवून झालेला असतो, आणि मग आपल्याला म्हणतं, "जरा लवकर आला असतात तर एवढं वाढलं नसतं."

लोकांना वाटतं मुंगी घरात राहते. ती राहते बाहेर, कुठेतरी भिंतीच्या पायात, झाडाच्या बुडाशी, फरशीखाली. आपल्या स्वयंपाकघरात ती फक्त कामाला येते. ओट्यावर दिसणारी रांग म्हणजे त्यांच्या घरातली बाहेर पडलेली थोडी माणसं. त्यांच्यावर फवारलं की त्या मरतात, गिऱ्हाईक खूश होतं, आपण पंप आवरून निघतो. आत राणी बसलेली असते, तिची अंडी-पिल्लं असतात. आठवडाभरात नवी रांग तयार. मग फोन येतो, "नाना, तुमचं औषध पाण्यासारखं आहे."

सोनगीरला हायवेवर एक ढाबेवाला होता. त्याला मी तीनदा समजावलं की साखरेच्या पोत्याखाली फळी टाक आणि खरकटं मागच्या दाराशी ओतू नकोस. तो दर वेळी मान डोलवायचा आणि दर वेळी तिथेच ओतायचा. चौथ्यांदा गेलो तर गल्ल्यावरूनच अहिराणीत ओरडला, "या नाना! बठ्ठी साखर मुंग्यास्नी खाई टाकी. आते चहामा काय टाकू, तुन्हं औषध?" समोर बसलेले ट्रकवाले चहाचे पेले खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले.

असो. मुंगीकडून मी एक गोष्ट शिकलो, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लोकांच्या ओट्याखाली उकिडवं बसून मी जेवढा वेळ मुंग्या बघितल्या तेवढा वेळ माझ्या पोरांचे अभ्यास बघितले नाहीत.

भाकरीचा एक मोठा तुकडा जमिनीवर पडलाय असं धरा. एका मुंगीला तो सापडतो. ती ओढून बघते, तो हलत नाही. मग ती घरी परतते, पण जाताना पोट जमिनीला टेकवत, वासाची रेघ ओढत जाते. त्या रेघेवरून बाकीच्या येतात आणि तुकड्याला चारी बाजूंनी चिकटतात. बिळाच्या बाजूच्या ओढतात; मागच्या जरा उचलून धरतात, म्हणजे तुकडा घासत नाही. गंमत पुढे आहे. ज्यांनी तोंड लावलंय त्यांना तुकड्याआड धड काही दिसत नाही. सगळ्यांचा जोर जिकडे, तिकडे त्याही जोर लावतात. त्यामुळे तुकडा कधीकधी बीळ सोडून भलतीकडेच निघतो. तेवढ्यात बिळाकडून एखादी ताजी मुंगी येते. तिला वाट ठाऊक असते. ती तोंड लावते, थोडं वळवते, आणि सगळा जथा तिच्याबरोबर वळतो. जरा वेळानं तीही गर्दीतली होते, तिचीही दिशा सुटते. तोवर दुसरी ताजी आलेली असते. मुकादम नाही, आरडाओरडा नाही. आमच्या कॉलनीत गणपतीचा मंडप उभा करताना एकदा बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

आणि मुख्य म्हणजे, ते अन्न घरी जातं आणि सगळ्यांत वाटलं जातं. एक मुंगी दुसरीच्या तोंडात तोंड घालून पोटातला घास भरवते. राणीला, पिल्लांना, सगळ्यांना.

आमचा धंदा चालतो तो यावर. मुंग्यांचा बंदोबस्त करायचा असेल तर समोरच्या मुंगीला मारायचं नाही. तिला खायला द्यायचं. गोड, तुपकट, तिला आवडेल असं, आणि त्यात थोडी बोरिक पावडर. नवखे लोक पावडर जास्त घालतात. मग मुंगी जागेवरच मरते आणि काम फुकट जातं. हात असा बसावा लागतो की मुंगीला काही कळू नये, तिनं धडधाकट घरी जावं, सगळ्यांना भरवावं, आणि नंतर काय व्हायचं ते आत व्हावं. माझा हात चांगला बसला होता. हे मी अभिमानानं सांगत असे. अजूनही सांगताना थोडा अभिमान येतोच, त्याला काय करणार.

आता जामनेरचं.

तिथल्या बाजारपेठेत गोविंदशेठ यांचं किराण्याचं दुकान होतं. राजस्थानातून पिढ्यांपूर्वी आलेलं घर. पुढे दुकान, मागे अंगण, अंगणापलीकडे गूळ-खजुराचं गोदाम, आणि अंगणाच्या मधोमध एक जुना निंब. शेठनी मला बोलावलं तेव्हा ते रडकुंडीला आले होते. गुळाच्या ढेपेला मुंग्या, खजुराच्या पेटीला मुंग्या, गिऱ्हाईक ढेप परत आणून फळीवर आपटतं.

मी गोदाम बघितलं, रांग धरून मागे मागे गेलो, तर रांग निंबाच्या बुडाशी. आणि निंबाच्या बुडाशी एक बाई बसलेल्या, डोक्यावरून पदर, हातात पितळी डबा, आणि मुंग्यांच्या बिळांभोवती चिमटी-चिमटीनं काहीतरी घालताहेत.

"हे काय?" मी शेठना विचारलं.

"माँ आहे," शेठ हळूच म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

मारवाडी घरांत ही रीत आहे. मुंगीला ते कीडी म्हणतात, आणि मुंग्यांच्या वस्तीला कीडीनगरा. त्याला पीठ घालणं हे मोठं पुण्य. काही जण नारळाला भोक पाडून त्यात पीठ, साखर, तूप भरून तो झाडाखाली पुरतात, म्हणजे मुंग्यांचं महिनाभर भागतं. माँजी नारळही पुरत आणि रोज सकाळी पीठही घालत. साजूक तुपात भाजलेलं पीठ, वर पिठीसाखर, थोडे तीळ. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून एक दिवस खाडा नव्हता.

मी आपला समजवायला गेलो. "माँजी, पीठ इथे नका घालू. पलीकडच्या भिंतीपाशी घाला."

"का रे भाऊ? तुझ्याकडे पाहुणा आला तर त्याला पलीकडच्या भिंतीपाशी जेवायला बसवतोस?"

"पाहुणा तुमच्या गोदामातला गूळ खातो."

"खाऊ दे. तुला लहानपणी गूळ कुणी मोजून दिला होता का?"

"पण माँजी, शेठचं नुकसान..."

"गोविंदला सांग, कीडी खाते म्हणून त्याचं दुकान चालतं. तू बस. पाणी प्यायलास का? मारायला आलास ना?"

"नाही, नुसतं बघायला."

"बघ मग. बघायला काही हरकत नाही."

गोदामात मी जागोजागी माझा चारा ठेवला, आमच्या धंद्यात आमिषाला चारा म्हणतात. दुसऱ्या दिवशी गेलो तर जसाच्या तसा. मुंग्या त्याला वळसा घालून झाडाकडे. बरोबरच होतं. तुपात भाजलेल्या पिठाचं ताट मांडलेलं असताना माझं साखरपाणी कोण चाटणार? मी जागा बदलल्या, गूळ वापरला, खोबरं किसून घातलं. काही नाही. उभ्या आयुष्यात माझ्या धंद्याला कुणी टक्कर दिली असेल तर ती या बाईंनी, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. रोज सकाळी मला विचारायच्या, "आज खाल्लं का तुझं?" मी म्हणायचो, "नाही." त्या म्हणायच्या, "तूप कमी पडतंय तुझं."

शेवटी मी शेठना म्हटलं की आईंचं पीठ बंद केल्याशिवाय मला काही करता येणार नाही. शेठ म्हणाले, पीठ बंद केलं तर ती जेवण बंद करील. आणि आमटीत मीठ टाका म्हणावं तितक्या सहज म्हणाले, "मग तिच्याच पिठात टाका ना."

इथे मी 'मनात चलबिचल झाली' असं लिहिलं तर बरं दिसेल. पण झाली नव्हती. खरं सांगायचं तर मला कोडं सुटल्याचा आनंद झाला. एवढे दिवस डोकं खाजवत होतो आणि उत्तर डब्यातच होतं. शेठनी डबा गोदामात आणून दिला. मी पावडर मिसळली, बोटानं चाळून एकसारखी केली. डबा परत जागेवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम गेलो. चारा घेतला जातोय का ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. माँजी झाडाखाली बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये, बस." मी बाजूला उकिडवा बसलो. त्यांनी पीठ घातलं. मुंग्यांनी घेतलं. पिठाची तुपात वळलेली एक मोठी गुठळी होती, तिला सगळ्या भिडल्या. गुठळी मुळाच्या फटीत अडकली. मग मागून एक आली, तिनं जरा तिरकं ओढलं, आणि निघाली स्वारी बिळाकडे.

माँजी इतक्या खूश झाल्या! "बघ, बघ. एकटी खाते का? घरी नेते. तिथे कुणी म्हातारी असेल, कुणी लेकरू असेल, आधी त्यांना." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू लोकांना सांगतोस मारायला येतो, पण तुझ्या डोळ्यांत मारणाऱ्याची नजर नाही. किती मायेनं बघतोस."

मी प्रमाण बरोबर बसलंय का ते बघत होतो.

पुढे जे व्हायचं ते झालं. रांग विरळ झाली, मग तुटली, मग एक दिवस झाडाखाली काहीच नाही. माँजी पीठ घालत राहिल्या. पीठ तसंच पडून दवानं ओलं व्हायचं, त्याला बुरशी यायची. त्यांनी पीठ बदललं, तूप वाढवलं. मग त्यांना वाटलं कीडी रुसली. आपल्या हातून काही झालं असणार. सुनेला टाकून बोलले होते ते असेल, एकादशी चुकली होती ते असेल. त्या एक वेळ जेवायला लागल्या.

शेठ घाबरले आणि त्यांनी आईला सांगितलं की नाना आले होते ना, त्यांनी कीडीला हात जोडले, विनंती केली आणि सगळ्यांना नदीकाठी नेऊन सोडलं. कुणी मेलं नाही. तिथे त्या मजेत आहेत.

माँजींनी मला बोलावणं पाठवलं. समोर बसवून विचारलं, "खरं?"

मी म्हटलं, "हो."

"तू सांगितलंस आणि त्या गेल्या?"

"हो."

त्यांनी मला हाताला धरून पाटावर बसवलं आणि आपल्या हातानं दाल-बाटी वाढली. मी जेवलो. दुसऱ्यांदा वाढलं तेही जेवलो.

मुंग्या मारल्याचं मला तितकंसं वाटत नाही. तो माझा धंदा होता, त्यावर माझं घर चाललं. मला लागतं ते त्या डब्याचं. जी बाई कधी किड्यावर पाय पडू देत नव्हती, तिच्या हातून मी ते करवून घेतलं, आणि वर तिच्याकडून शाबासकी घेतली.

ही गोष्ट तिथेच संपली असती तर मी कदाचित विसरलो असतो. पण गोविंदशेठ बोलके. जामनेरच्या बाजारात बातमी पसरली की एक माणूस मुंग्या मारत नाही, त्यांना समजावतो. मग जळगावहून बोलावणी, पाचोऱ्याहून बोलावणी, धुळ्याहून बोलावणी. जिथे म्हणून घरात मुंगी मारायची नाही असा दंडक, तिथे मी. आधी मी दोन-चार जणांना सांगून बघितलं की तसं काही नसतं. ते म्हणायचे, "नाना, किती विनम्र आहात!" मग मीही सोडून दिलं. बिळापुढे हात जोडून उभा राहायचो, ओठ हलवायचो. त्या वेळी काय पुटपुटत असे ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि जाताना दाराआड चारा ठेवून यायचो. घरातल्या बाईंना सांगायचो, हा मुंग्यांसाठी वाटखर्चाचा नैवेद्य आहे, याला हात लावू नका. कुठे त्या बायका म्हणायच्या, आम्हीच ठेवतो की आमच्या हातानं. ठेवायच्या. मी ठेवू दिलं.

जळगावात एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "नाना, मारू नका, पण समोरच्या बंगल्यात पाठवता येतील का?" धुळ्याला एका संस्थेनं जीवदया केल्याबद्दल शाल-श्रीफळ दिलं. ती शाल आमची बायको इस्त्रीखाली अंथरते. दुसरा काही उपयोग मला सुचला नाही.

या उन्हाळ्यात गोविंदशेठचा फोन आला. ते आता जळगावलाच राहतात, दुकान मुलांकडे आहे. मी वाटेनं जाताना ते दुसरीकडे बघतात, मीही बघतो. पण आवाज ओळखला.

"नाना, माँनं हट्ट धरलाय. म्हणते, नानांना बोलाव. त्यांनी माझ्या कीडी नदीकाठी कुठे सोडल्या ती जागा दाखवायला सांग. एकदा शेवटचं पीठ घालीन."

माँजी हयात आहेत हे मला ठाऊक होतं. पण ते मी मनात येऊ देत नसे.

"गाडी सांगितली आहे," शेठ म्हणाले. "तिला आता धूसर दिसतं. तुम्ही कुठलंही एक बीळ दाखवा, हे तेच म्हणा. तिला काय कळणार?"

मी गेलो. माँजी पलंगावर बसल्या होत्या, जायची तयारी करून. अंगावर धुतलेली साडी, मांडीवर नवा स्टीलचा डबा. इतक्या बारीक झाल्या होत्या की डबाच मोठा वाटत होता. माझा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "आलास? किती लांब आहे रे? मला खाली बसता येईल ना तिथे?"

शेठनी मला डोळ्यांनी खूण केली की चला. गाडी खाली उभी होती. एक बीळ दाखवायचं, बस. एवढ्या वर्षांत मी याहून मोठी सोंगं केली आहेत. पण त्या विचारत होत्या की खाली बसता येईल ना. मी म्हटलं, "माँजी, मी त्यांना कुठेही नेलं नाही."

"मग?"

"मेल्या त्या. मी मारल्या."

शेठ म्हणाले, "नाना!"

माँजींनी हात वर करून त्यांना गप्प केलं. मग म्हणाल्या, "पण त्या तर तुझं खात नव्हत्या. तू रोज सांगायचास, खात नाहीत म्हणून." आणि तिथेच त्यांना समजलं. मी बघितलं, त्यांचा हात डब्याच्या झाकणावरून बाजूला झाला.

"माझ्याच हातानं?"

"पावडर मी कालवली, माँजी. हात माझा."

"घातलं कुणी?"

वाटलं होतं त्या रडतील, शिव्या देतील, मला घालवून देतील. त्यातलं काही झालं नाही. त्या वैतागल्या. स्वयंपाक करपवलेल्या सुनेवर वैतागावं तशा. "अरे, मग तेव्हा का नाही सांगितलं? तेव्हा माझे पाय चालत होते. मी उपास केले असते, यात्रा केली असती, दुप्पट पीठ घातलं असतं. तेव्हा फेडायला दिवस होते रे माझ्याकडे. आता कुठून आणू?"

याचा मी कधीच विचार केला नव्हता. माझा समज होता की मी गप्प राहून त्यांचं मन राखतोय.

शेठनी मला जिन्यात गाठलं. आवाज चढला होता त्यांचा. "तुमचं मन मोकळं झालं ना? झोप येईल आज? आता ती जेवणार नाही, मी काय करू?" त्यांचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, "शेठ, पिठात टाका कोण म्हणालं होतं?" ते म्हणाले, "मी बोललो, पण टाकलं तुम्ही." आणि आम्ही दोघे म्हातारे जिन्यात उभे राहून भांडलो, शेजारच्यांनी दारं उघडेपर्यंत.

दुसऱ्या दिवसापासून मी बाकीच्या घरांना फोन लावायला सुरुवात केली. आईंना सांगायचं आहे म्हटलं. तर काय ऐकायला मिळालं? "अहो नाना, आम्हाला माहीतच होतं." एक नाही, जवळजवळ प्रत्येक घरचा मुलगा हेच म्हणाला. "औषधाशिवाय मुंग्या जातात का? आम्ही काय लहान आहोत? तुम्ही आता कशाला उकरून काढताय? आई सत्संगाला जाते, सुखात आहे." एकानं तर मलाच सुनावलं की या वयात माणसानं देवाचं नाव घ्यावं, लोकांच्या घरात काड्या घालू नयेत. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त जिनं घातलं तिला. आणि तिच्या हातात फोन द्यायला एकही तयार नाही.

म्हणून हे छापून मागतोय. दिवाळी अंक घरोघरी जातो, कुणी ना कुणी वाचून दाखवतं. ज्या ज्या घरी मी हात जोडून 'गेल्या हं' म्हणालो, तिथल्या माँजी, बाई, अक्का, आजी, ज्या कुणी असाल, त्यांनी समजावं की गेल्या नाहीत. दोष माझा. पण तुम्हाला तुमच्या मनाप्रमाणे काही करायचं असेल, तर तुमच्यापैकी काहींकडे अजून दिवस आहेत.

माँजी जेवल्या. दोन दिवसांनी. तिसऱ्या दिवशी त्यांनी शेठना फोन लावायला लावला आणि मला म्हणाल्या, "माझ्यानं आता खाली बसवत नाही. माझ्या वाटणीचं तू घालायचं. रोज. तूप कमी करायचं नाही. आणि मी विचारीन."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

तेव्हापासून आमच्या पिंप्राळ्याच्या घरामागे, कंपाउंडच्या भिंतीच्या बुडाशी, मी सकाळी पीठ घालतो. काळ्या, लांब पायांच्या, वेड्यासारख्या सैरावैरा पळणाऱ्या मुंग्या आहेत इथे, मला सगळ्यात जास्त छळणारी जात. पहिल्या आठवड्यात त्या भिंतीपाशी थांबल्या. आता स्वयंपाकघरात येतात. बायको कमरेवर हात ठेवून उभी राहते. "मन्हा साखरना डबा बी त्यास्ना नाववर करी द्या आते! लोकेस्ना घरन्या मुंग्या काढता काढता जनम गया, आनि सोताना घरमा पंगत!" शेजारचे कुलकर्णी विचारून गेले, नाना, तुमच्याकडूनच येताहेत का हो? फवारा मारू का म्हणाले. मी त्यांच्यावर खेकसलो. ते अजून बोलत नाहीत.

आणि माँजी खरंच विचारतात. रोज, साधारण नाश्त्याच्या वेळेला.

"घातलं?"

"घातलं."

"नेलं का त्यांनी?"

हा दुसरा प्रश्न भारी आहे. घालणं माझ्या हातात, नेणं त्यांच्या. पूर्वीचा मी असतो तर घरात बसल्या बसल्या 'नेलं' म्हणून मोकळा झालो असतो. आता ते जमत नाही. त्यामुळे पीठ घालून मला तिथेच थांबावं लागतं. गुडघे वाकत नाहीत म्हणून एक प्लास्टिकचं स्टूल नेलंय. आज ढगाळ आहे, जमीन ओली आहे, एक मुंगी मघाशी येऊन वास घेऊन गेली ती परत आलेली नाही. बायको चहा गार होतोय म्हणून दोनदा ओरडून गेली. खिशात फोन वाजतोय. मी उचलत नाहीये, कारण अजून नेलेलं नाही.